नवे विंडोज चढत नाही? आधी ड्रायव्हर तपासा
दुकानदार, कारखानदार व कारागीर यांच्यासाठी उपयुक्त माहिती

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबविली. २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे आपल्या पेढ्यांतून, छापखान्यांतून आणि एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांतून बिनतक्रार चालली. देखभाल थांबली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, बिले छापतो, हिशेब दाखवितो. मात्र नव्याने सापडणाऱ्या चोरवाटा बुजविण्याचे काम थांबते. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार होतो, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते आणि गिऱ्हाइकांची उधारी लिहिलेली असते, त्या यंत्राचा दरवाजा असा उघडा ठेवणे धोक्याचे आहे.

म्हणून अनेकजण विंडोज ११ चढविण्याचा प्रयत्न करतात. पुष्कळ ठिकाणी अनुभव सारखाच येतो. काम तासभर चालते, टक्केवारी वाढत जाते, यंत्र दोन-तीनदा बंद होऊन सुरू होते आणि मग पडद्यावर संदेश येतो की केलेले बदल मागे घेतले जात आहेत. अखेर तेच जुने विंडोज समोर उभे राहते. मेकॅनिकला बोलावले तर तो दोनच उपाय सांगतो. सगळे पुसून नव्याने टाकू, नाहीतर नवा कॉम्प्युटर घ्या. पहिल्या उपायात हिशेब, डिझाइन व सेटिंग जाण्याची भीती, दुसऱ्यात वीस-पंचवीस हजारांचा खर्च. पुष्कळदा या दोन्हींची गरज नसते. अडथळा एखाद्या जुन्या ड्रायव्हरचा असतो आणि तो शोधून काढता येतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर हा विंडोज आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामधला दुभाषी. प्रिंटरला विंडोजची भाषा कळत नाही आणि विंडोजला प्रत्येक प्रिंटरच्या खोडी माहीत नसतात. हा छोटा प्रोग्राम एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून देतो. प्रिंटर, स्कॅनर, आवाज, पडदा, वाय-फाय, वजनकाट्याची केबल, सॉफ्टवेअरचे लॉक या प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा असतो.

साधा प्रोग्राम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. पण बरेच ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात. तिथे चूक झाली तर सगळे यंत्र कोसळते. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून थांबले. विमानतळ, बँका, रुग्णालये अडकून पडली. गाभ्यातली एक चूक एवढे नुकसान करू शकते, म्हणूनच नवे विंडोज चढताना ड्रायव्हरच्या बाबतीत फार सावध असते. शंका आली की ते पुढे जात नाही, मागे फिरते. जुना कारभार मोडून अर्ध्यावर सोडण्यापेक्षा जिथे होतो तिथे परत जाणे त्याला बरे वाटते आणि ते आपल्याही हिताचे आहे.

जुने ड्रायव्हर का चालत नाहीत?

ही अडचण आजची नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले तेव्हा विंडोज ९८ साठी लिहिलेले पुष्कळ ड्रायव्हर निरुपयोगी ठरले. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा आले तेव्हा तर चांगले चालणारे स्कॅनर व प्रिंटर लोकांनी माळ्यावर टाकले. त्याच व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल सही सक्तीची झाली. २०१६ पासून नव्या ड्रायव्हरवर स्वतः मायक्रोसॉफ्टचा शिक्का असावा असा नियम आला. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेले विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचेच आहे. म्हणजे ३२ बिटांचा ड्रायव्हर तिथे मुळीच चालणार नाही.

यामागे कारण आहे. सही नसलेला ड्रायव्हर कोणी लिहिला हे कळत नाही आणि चोरांनी गाभ्यात शिरण्यासाठी हीच वाट वापरली. पण या नियमाचा भार छोट्या माणसावर पडतो. ज्या कंपनीने यंत्र विकले ती बंद झाली असेल किंवा नवा ड्रायव्हर लिहायला तयार नसेल, तर धडधाकट यंत्र केवळ दुभाषी नसल्याने मुके होते.

आधी हे ठरवा: यंत्र अपात्र आहे की ड्रायव्हर आडवा येतो?

या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसा व्यर्थ जातो. विंडोज ११ साठी कमीत कमी ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट चालविण्याची सोय आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. प्रोसेसर मान्य यादीतला हवा. ढोबळ हिशेब असा की इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा मोफत प्रोग्राम चालविला की आपले यंत्र पात्र आहे की नाही ते दोन मिनिटांत कळते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक यंत्रांत टीपीएम असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या बोर्डावर त्याचे नाव बहुधा पीटीटी असते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते सुरू केले की "अपात्र" यंत्र पात्र होते. एवढ्यासाठी नवा कॉम्प्युटर घेण्याचे कारण नाही.

दुसरी तपासणी बिटांची. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जाऊन सिस्टिम टाइप पाहावे. तिथे ३२ बिट लिहिले असेल तर आहे त्यावर विंडोज ११ चढणारच नाही. प्रोसेसर ६४ बिटांचा असेल तर सर्व माहिती बाहेर काढून नव्यानेच टाकावे लागेल. शिवाय डॉसच्या काळातले, फॉक्सप्रोत लिहिलेले बिलिंगचे १६ बिटांचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. ज्यांच्या पेढीवर अजून असा प्रोग्राम आहे त्यांनी आधी त्याची सोय पाहावी, मग विंडोजला हात लावावा.

पीसी हेल्थ चेकने होकार दिला आणि तरीही विंडोज चढत नसेल, तर संशयाची सुई ड्रायव्हरकडे वळवावी.

कामाला हात लावण्यापूर्वी

१. हिशेबाचा डेटा, डिझाइनच्या फाइली, कागदपत्रांचे फोटो, सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. नुसते उतरवून थांबू नये. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

२. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आहे काय ते पाहावे. असल्यास ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. बायोसमध्ये बदल केल्यावर यंत्र ही किल्ली मागू शकते. ती नसेल तर मालकालाही स्वतःचा डेटा उघडता येत नाही.

३. प्रत्येक सॉफ्टवेअरचा लायसन्स क्रमांक, प्रिंटरचे मॉडेल व पोर्ट, वजनकाट्याचा कॉम पोर्ट व त्याचा वेग, वाय-फायचा पासवर्ड, हे सर्व वहीत टिपावे. शक्य तर पडद्यांचे फोटो काढावेत.

४. दिवस विचार करून निवडावा. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांना ११ आणि २० या तारखांच्या आसपास हे काम नको. ईद किंवा लग्नसराईच्या ऑर्डरी अंगावर असताना तर मुळीच नको. हाताशी पूर्ण एक मोकळा दिवस असावा.

पडद्यावरचा आकडा वाचायला शिका

विंडोज मागे फिरते तेव्हा बहुधा एक सांकेतिक आकडा देऊन जाते. लोक तो न पाहताच खिडकी बंद करतात. मेकॅनिकची निम्मी मेहनत तो आकडा वाचवितो. म्हणून लगेच मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा.

सुरुवातीचे शून्य आणि एक्स सोडून पुढे सी१९००१०१ असे असेल तर तो ड्रायव्हरच्या बिघाडाचा प्रसिद्ध संकेत समजावा. ८००एफ०९२३ असेल तर एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम नव्या विंडोजशी जुळत नाही. सी१९००२०८ म्हणजे न जुळणारा प्रोग्राम. सी१९००२०० म्हणजे यंत्र किमान अटींत बसत नाही. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागाच कमी आहे, तिथे ड्रायव्हरला दोष देण्याचे कारण नाही.

सी१९००१०१ च्या पुढे बहुधा दुसरा आकडा असतो, उदाहरणार्थ २००१७, ३००१८ किंवा ४०००डी. त्यातला पहिला अंक काम कोणत्या टप्प्यावर अडले ते सांगतो. १ असेल तर जुने विंडोज चालू असतानाच अडले. २ असेल तर पहिल्या रीस्टार्टनंतरच्या सुरक्षित टप्प्यात. तिथे बायोस, डिस्क कंट्रोलर किंवा जोडलेले एखादे उपकरण यांचा संशय घ्यावा. ३ म्हणजे नवे विंडोज पहिल्यांदा उभे राहताना अडले आणि तिथे ते ड्रायव्हर बसवीत असते. ४ म्हणजे शेवटच्या टप्प्यात, जुनी माहिती व सेटिंग नव्या घरात नेताना.

दोषी ड्रायव्हर कसा सापडेल?

मायक्रोसॉफ्टचा सेटअपडायग हा मोफत प्रोग्राम याच कामासाठी आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत काम फसले की तो बहुधा आपोआप चालतो. विंडोजच्या फोल्डरात लॉग्स, त्यात सेटअपडायग, अशा ठिकाणी तो आपला निकाल लिहून ठेवतो. तिथे एखाद्या फाइलीचे नाव मिळाले, विशेषतः शेवटी डॉट एसवायएस किंवा डॉट आयएनएफ असलेले, तर धागा हाती लागला असे समजावे. ते नाव इंटरनेटवर शोधले की तो ड्रायव्हर कोणत्या कंपनीचा व कोणत्या उपकरणाचा हे कळते.

दुसरी जागा डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टवर उजवे बटन दाबले की ते यादीत दिसते. पिवळे चिन्ह असलेले उपकरण आधी पाहावे. त्यावर दोनदा क्लिक केले की कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच बसविलेला नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही. ३९ म्हणजे ड्रायव्हर खराब किंवा गहाळ. ५२ म्हणजे त्याची सही पटत नाही.

पण पुष्कळदा गुन्हेगार इथे उघड दिसत नाही. सात वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या स्कॅनरचा ड्रायव्हर अजून यंत्रात ठाण मांडून असतो. त्यासाठी व्ह्यू या मेनूतून शो हिडन डिव्हायसेस निवडावे. फिकट दिसणारी नावे म्हणजे सध्या न जोडलेली उपकरणे. त्यांपैकी जे उपकरण आपल्याकडे उरलेलेच नाही ते ड्रायव्हरसह काढून टाकावे. नाव ओळखू येत नसेल तर हात लावू नये.

तिसरी जागा विंडोज सिक्युरिटी. तिथे डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन आणि मेमरी इंटिग्रिटी. ही सोय सुरू होत नसेल तर विंडोज न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी स्वतःच दाखविते. ही आयती यादी पाहायला विसरू नये.

कधी विंडोज अपडेट स्वतःच नवी आवृत्ती देण्याचे थांबवून ठेवते. हा बिघाड नव्हे, मुद्दाम घातलेला बांध असतो. इंटेलच्या स्मार्ट साउंड या आवाजाच्या ड्रायव्हरचे उदाहरण घ्या. त्याच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या आवृत्त्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवर निळा पडदा आणीत असल्याने त्या यंत्रांना विंडोज ११ रोखून धरले होते. शेवटचा भाग ५७१४ किंवा त्यापुढचा असलेला ड्रायव्हर बसविला की वाट मोकळी होत असे. एप्रिल २०२५ मध्ये सेन्सशील्ड कंपनीच्या एसप्रोटेक्ट या ड्रायव्हरमुळे २४एच२ आवृत्ती अशीच थांबविण्यात आली होती. असा बांध दिसला तर जबरदस्तीने फोडू नये. नवा ड्रायव्हर घ्यावा किंवा थोडा धीर धरावा.

दुरुस्तीचा क्रम

मिस्त्री जसा यंत्राचे एक-एक पान उघडतो तसे क्रमाने जावे. सगळे एकदम केले तर कशाने काम झाले ते कळत नाही.

पहिले, कीबोर्ड, माऊस व पडदा सोडून सर्व काढून ठेवावे. प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, लॉक, वजनकाटा, सारे. पुष्कळांचे काम इथेच होते.

दुसरे, बाहेरचा अँटिव्हायरस तात्पुरता पूर्ण काढावा. नुसता बंद करून भागत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर गाभ्यात तसाच राहतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तोवर राखण करतो.

तिसरे, सी ड्राइव्हवर निदान ३० ते ४० जीबी जागा मोकळी करावी.

चौथे, ज्या कंपनीचा कॉम्प्युटर किंवा मदरबोर्ड असेल तिच्याच संकेतस्थळावरून मॉडेलप्रमाणे बायोस, चिपसेट, डिस्क, पडदा व आवाज यांचे नवे ड्रायव्हर घ्यावेत. बायोस बदलताना वीज जाऊ देऊ नये. लोडशेडिंगच्या गावात यूपीएस नसेल तर हे काम करूच नये, कारण अर्ध्यावर वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

पाचवे, सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्स नावाची जागा असते. तिथे राहिलेले ड्रायव्हर अपडेट पाहावेत.

सहावे, प्रिंटर काढला तरी त्याचा ड्रायव्हर मागे राहतो. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज उघडून ड्रायव्हर्स या पानावरून नको असलेले मुळासकट काढावेत.

सातवे, नवे विंडोज चढविताना मायक्रोसॉफ्टची आयएसओ फाइल उतरवून त्यातील सेटअप चालविण्याचा मार्ग पुष्कळदा अधिक भरवशाचा ठरतो. पर्याय विचारला की फाइली व प्रोग्राम दोन्ही ठेवा असेच निवडावे. इथे चुकून काहीच ठेवू नका हा पर्याय दाबला गेला तर सर्व जाईल.

काम झाल्यावर एक-एक उपकरण जोडावे आणि प्रत्येक जोडल्यावर छापून, मोजून, स्कॅन करून पाहावे. काही बिनसले तर पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधील रिकव्हरीतून जुन्या विंडोजकडे परत जाता येते. त्या मुदतीत जागा रिकामी करण्याच्या नादात विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर पुसू नये. परतीची वाट त्याच्यातच आहे.

आपल्या धंद्यातली नेहमीची यंत्रे

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. ट्रान्सपोर्टवाले, धान्याचे व्यापारी, गोदामे इथे कार्बन प्रतींसाठी हा अजूनही लागतो. कंपनीचा नवा ड्रायव्हर न मिळाल्यास विंडोजमधील जेनेरिक टेक्स्ट ओन्ली हा ड्रायव्हर लावून पाहावा. साधी अक्षरांची बिले बहुधा त्यावर निघतात. मराठी किंवा उर्दू अक्षरे व चित्रे मात्र त्यातून निघणार नाहीत. त्यासाठी त्याच कंपनीच्या जवळच्या मॉडेलचा ड्रायव्हर चालतो का ते पाहावे.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले होते की विंडोज अपडेटमधून प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर पुरविणे टप्प्याटप्प्याने कमी केले जाईल. यावरून जुने प्रिंटर बंद पडणार अशी अफवा बाजारात पसरली. तसे नाही. कंपनीने दिलेला ड्रायव्हर आपण स्वतः बसवू शकतो. म्हणून आज मिळत असलेला ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर जपून ठेवावा हे शहाणपणाचे.

वजनकाटा व जुन्या यंत्रांची केबल. सराफाचा काटा, लेबल छापणारे यंत्र किंवा जुने एम्ब्रॉयडरी मशीन यूएसबी-सीरियल केबलने जोडलेले असते. या केबलीत एक छोटी चिप असते. प्रोलिफिक कंपनीची पीएल २३०३ मालिकेतील जुनी एचएक्सए चिप असेल तर नव्या ड्रायव्हरखाली डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागीच लिहून येते की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. लोकांना वाटते काटा बिघडला. काटा ठीक असतो, केबल बदलली की तो बोलू लागतो. २०१४ मध्ये एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपा निकामी केल्या होत्या आणि गदारोळ झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. तेव्हा केबल घेताना केवळ स्वस्त पाहू नये. विंडोज ११ वर चालते याची खात्री आणि पक्के बिल घ्यावे.

सॉफ्टवेअरचे लॉक. मराठीची श्रीलिपी, उर्दूचे इनपेज, एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचे पॅकेज, अशी किती तरी सॉफ्टवेअरे लॉकवर विकली गेली. यातील पुष्कळ लॉक हास्प जातीचे असतात. अलादीन कंपनीचे हे लॉक पुढे सेफनेट, मग जेमाल्टो आणि २०१९ पासून थेल्स यांच्याकडे गेले. म्हणून जुन्या नावाने ड्रायव्हर शोधला तर सापडत नाही. आता तो सेंटिनेल या नावाने मिळतो. आधी जुना ड्रायव्हर काढावा, मग विंडोज चढवावे, मग नवा सेंटिनेल ड्रायव्हर बसवावा आणि सर्वात शेवटी लॉक लावावे. समांतर पोर्टचे जुने लॉक असेल तर सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याशी बोलल्यावाचून पुढे जाऊ नये.

इथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. बाजारात लॉकची नक्कल करणारे बनावट ड्रायव्हर टाकून सॉफ्टवेअर चालवून देणारे लोक आहेत. असा ड्रायव्हर सहीशिवाय गाभ्यात बसतो, नव्या विंडोजची वाट अडवितो आणि त्यातून काय आत शिरले हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय काम अडले की दाद मागायला कोणी नसते. ज्या सॉफ्टवेअरवर घर चालते त्याचे मोल देणे हाच सरळ व्यवहार आहे आणि शेवटी स्वस्तही.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन. त्याचा ड्रायव्हर ते देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावा. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखले गेले नाही तर दंड आपल्यालाच भरावा लागतो.

काय करू नये

सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर देतो म्हणणारे अनोळखी प्रोग्राम टाकू नयेत. ते अनेकदा चुकीचे ड्रायव्हर बसवितात आणि जाहिराती किंवा त्याहून वाईट काही सोबत आणतात. सहीची तपासणी बंद करून जुना ड्रायव्हर कायमचा घुसविणे म्हणजे चोरासाठी खिडकी उघडी ठेवणे. अपात्र यंत्रावर युक्तीने विंडोज ११ चढविण्याचे मार्गही मेकॅनिक सांगतात. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. धंद्याच्या यंत्रावर असा प्रयोग नको. आणि फोनवरून स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवून यंत्राचा ताबा मागणाऱ्याला तो कधीही देऊ नये.

यंत्र खरेच अपात्र असेल तर

तेव्हाही घाबरून खरेदी करू नये. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरातील विंडोज १० यंत्रांसाठी वाढीव सुरक्षा योजना आणली आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. खात्याशी सेटिंग जोडणाऱ्यांना ती मोफत, नाहीतर ३० डॉलर असा दर जाहीर झाला. संस्था व व्यापारी वापरासाठी वेगळी योजना असून ती जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळू शकते. पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. दुसऱ्या वर्षी खर्च १२२ डॉलर होतो हे ध्यानात घेऊन नव्या यंत्राशी हिशेब जुळवून पाहावा.

दुसरा मार्ग कामाची विभागणी. जुने मशीन चालविणारा किंवा लॉकवरचे सॉफ्टवेअर असलेला कॉम्प्युटर इंटरनेटपासून पूर्ण तोडून फक्त त्याच कामाला ठेवावा. फाइली पेन ड्राइव्हने न्याव्यात, पण आधी दुसऱ्या यंत्रावर तो ड्राइव्ह तपासावा. बँक, जीएसटी व व्हॉट्सॲप यांच्यासाठी नवे यंत्र वेगळे. अशा रीतीने जुने एम्ब्रॉयडरी मशीन आणखी काही वर्षे रोजी देत राहील आणि पैशाचा व्यवहारही सुरक्षित राहील.

सेकंडहँड कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी "आय फाइव्ह आहे" एवढ्यावर भुलू नये. आय फाइव्ह दुसऱ्या पिढीचाही असतो आणि बाराव्याही. दुकानातच पीसी हेल्थ चेक चालवून पाहावा, पिढी विचारावी आणि पैसे देण्यापूर्वी आपला प्रिंटर किंवा लॉक लावून दाखवायला सांगावे.

एक वही ठेवा

आपले उस्ताद यंत्राच्या प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक लिहून ठेवीत. कॉम्प्युटरलाही तीच शिस्त लावावी. एका वहीत प्रत्येक उपकरणाचे नाव, मॉडेल, खरेदीची तारीख, ड्रायव्हरची आवृत्ती, तो कुठून घेतला, शेवटचा बॅकअप कधी काढला, एवढे लिहावे. सोबत ज्यात सर्व ड्रायव्हर आहेत असा एक पेन ड्राइव्ह ठेवावा. कारखान्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलावर किंवा घरातल्या मुलीवर ही जबाबदारी सोपवावी. महिन्यातून अर्धा तास पुरेल.

मेकॅनिक आला की ही वही त्याच्यासमोर ठेवावी आणि पहिला प्रश्न विचारावा की पडद्यावरचा आकडा काय सांगतो. ज्याला याचे उत्तर देता येते त्याच्या हाती यंत्र द्यावे. जो आकडा न पाहताच सगळे पुसून टाकू म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.